तूट

पहाटे साडेपाचला मी वही उघडते.
तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट, मधल्या रांगेतला गाळा.
आग्र्याची गाडी, दोनशे चाळीस गोणी,
आडत, हमाली, तोलाई,
आणि अगदी कडेचा एक अरुंद रकाना,
देवराज शेठ त्याला नुसतं 'तूट' म्हणतात.
वाटेत ओल उडते, तळाचे चारदोन नासतात,
गोणीमागे किलो, कधी दीड.
त्यावर कुणी भांडत नाही.
ते आधीच धरलेलं असतं.

हणमंत सहा महिन्यांसाठी गेला.
मग कागद आला : पुढील आदेशापर्यंत.
त्याला आता सव्वीस महिने होतील.

रविवारी फोन लागतो. लागला तर.
एकदा म्हणाला, इथं बटाट्याचा दगड होतो,
भिंतीवर मारला की टण्ण वाजतो,
हातोडीनं फोडून शिजायला टाकतो.
मी विचारलं, तिथं भाव काय पडतो?
हसला. म्हणाला, तू आणि तुझा भाव.

पण मी मांडलाच, त्याच रात्री,
ईश्वरीच्या चित्रकलेच्या पाठकोऱ्या कागदावर :
इथला चौदा रुपये किलो,
मग रेल्वे, मग ट्रक, मग खेचर,
शेवटच्या टप्प्याला हेलिकॉप्टर.
त्याच्या तासाचा दर मला कुठून कळणार?
तिथे फुली मारली.
फुलीच्या खाली बेरीज जात नाही.

मामंजी माथाडी होते.
पस्तीस वर्षं याच मार्केटात पाठीवर गोणी.
कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगचा जिना
ते आता एकेका पायरीला नमस्कार केल्यासारखा चढतात.
म्हणाले, माझं वझं रोज सांजच्याला उतरायचं, पोरी.
त्याचं कोण उतरून घेतंय?

पगार येतो. एक तारखेला येतो, खोटं का बोलू.
उंचीचा भत्ता येतो वेगळा.
त्यातून खोलीचा हप्ता, बालवाडीची फी,
मामंजींचा कमरेचा पट्टा, दुसरा, पहिला सैल झाला म्हणून.
भत्ता थांबला तर तो घरी असेल.
तो घरी असला तर हप्ता थकेल.
इथवर येते
आणि उठून गॅस बारीक करते.

मार्चमध्ये वीस दिवस आला.
पंखा पाचवर, तरी अंगातून धारा,
रात्री दोनला गॅलरीत,
खाडीकडून येणाऱ्या त्या कुबट वाऱ्यात बनियनवर उभा.
सकाळी मिठाचा डबा हातात धरून विचारलं,
याला काय म्हणतात गं?
मला वाटलं, चेष्टा करतोय.
ईश्वरी त्याच्या शेजारी बसून
माझ्या मोबाइलच्या काळ्या काचेला म्हणाली,
पप्पा, जेवलात का?
तो म्हणाला, हो, जेवलो.
काचेकडे बघूनच म्हणाला.

एक दिवस गाळ्यावर आला.
शेठनी गमतीत काट्यावर उभं केलं.
मी म्हटलं, बूट राहू देत.
पण त्याला वजन बरोबर हवं होतं, त्याने काढले.
डाव्या पायाला तीनच बोटं.
हे मला फोनवर सांगितलं नव्हतं.
मी रात्री मोजे बघायचे, पाय नाही.

जाताना सत्त्याहत्तर होता.
चौसष्ट सातशे, तोलारी ओरडला, सवयीने, मोठ्यानं.
टोळीतली पोरं आधी हसली, मग हसेनात.
मामंजी गोण्यांवर बसले होते.
म्हणाले, वल जाती रं. बटाटा त्योच ऱ्हातो.
कुणालाच पटलं नाही. त्यांनाही नसावं,
कारण लगेच तंबाखू शोधायला लागले.

तोलाऱ्याने तोवर पावती फाडून माझ्या हातात दिली होती,
माल : रेघ.
नग : एक.

तो परत गेला, त्याला आज एकवीस दिवस.
पावती वहीतच आहे, आग्र्याच्या दोन गाड्यांच्या मध्ये.
कुठल्या खात्याला लावायची
हे शेठना विचारायचं राहून गेलंय.